‘टाईट’ कोण आणि ‘बेवडा’ कोण?

दिवाळीच्या फराळाच्या ताटात चकली, करंजी आणि अनारसा यांच्या शेजारी दारूचा विषय वाढला म्हणून वाचक रागावतील, हे मला ठाऊक आहे. पण रागावण्यापूर्वी त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की दिवाळीत ज्या घरात दारू येत नाही असे घर कालपरवापर्यंत महाराष्ट्रात सापडणे कठीण होते. भुईनळे, चंद्रज्योती आणि फटाके यांना आपले आजोबा ‘शोभेची दारू’ असेच म्हणत. देवाच्या छबिन्यापुढे आणि श्रीमंतांच्या वरातीत जे उडे त्याला ‘दारूकाम’ म्हणत. घरात कोणी आजारी पडला की त्याचे ‘दवादारू’ करावे लागे, आणि तेही करणारी बहुधा आजीच असे. तेव्हा दारू हा शब्द काही सोवळ्यातून बाहेर टाकलेला नाही. फारसी भाषेत दारू म्हणजे मुळात औषध. तेथून तो आपल्याकडे आला आणि बाटलीत उतरला, बंदुकीत भरला, दिवाळीत उडाला. एकाच शब्दात बरे करणे, भडका उडवणे आणि शुद्ध घालवणे या तिन्ही गोष्टी सुखाने नांदत आहेत. शब्द बिचारे निरुपद्रवी असतात. त्यांचा उपद्रव सुरू होतो तो आपण ते कोणाला लावतो त्यावरून.

मला आज ज्या शब्दाशी भांडायचे आहे तो दारू हा नव्हेच. तो आहे ‘टाईट’. साहेबाच्या देशातून आलेला, तीन अक्षरी, चटपटीत आणि हसतमुख. आणि त्याच्या समोर उभा राहतो तो आपला गावठी ‘बेवडा’. या दोन शब्दांमध्ये एका माणसाचा जीव कसा अडकला ते आधी सांगतो. व्युत्पत्ती मागाहून पाहू.

मी मरोळला राहतो. मरोळ म्हणजे अंधेरी पूर्वेचे जुने गावठाण. 1579 साली जेझुइटांनी बांधलेल्या चर्चचे भग्न अवशेष आज सीप्झच्या कुंपणात उभे आहेत. कारखाने, सुक्या मासळीचा बाजार, चाळी, झोपड्या आणि उंच इमारती येथे एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून असतात. श्रीमंत आणि गरीब यांच्यामध्ये पुष्कळदा एका गटाराचेच अंतर असते. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्रीची गोष्ट. दहाच्या सुमारास आकाशकंदिलाची तार आणि थोड्या पणत्या घेऊन मी परत येत होतो. मरोळ नाक्याच्या मेट्रोच्या जिन्याखाली एक माणूस आडवा पडला होता. अंगावर कामगाराचा खाकी शर्ट, एक चप्पल पायात आणि एक लांब कोठेतरी. मी थबकलो. शेजारचा पानवाला म्हणाला, “बेवडा आहे काका, रोजचंच आहे. चला तुम्ही पुढे.” मी पुढे चाललो. माझ्या हातात पणत्या होत्या.

साडेअकराला आमच्या इमारतीच्या फाटकात एक गाडी थांबली. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ चालकाच्या खांद्यावर हात टाकून उतरले. पाय एकीकडे, डोके दुसरीकडे. आमच्या पहारेकऱ्याने धावत जाऊन उद्वाहकाचे दार धरले, दुसऱ्या हाताने त्यांचा पडलेला चष्मा उचलला आणि खिडकीत उभ्या असलेल्या मला तो गालातल्या गालात हसून म्हणाला, “साहेब आज जरा टाईट आहेत.” मीही हसलो. सण होता.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी आल्या नाहीत. ऐन सणाला दांडी मारली म्हणून घरात थोडी कुरकुर झाली. त्या आल्या भाऊबिजेला. जिन्याखाली पडलेला माणूस त्यांचा नवरा होता. कारखान्यात दोन पाळ्या एका मागोमाग एक केल्या, साखरेच्या आजाराची गोळी घेतली आणि जेवण राहिले. रक्तातली साखर इतकी उतरली की बोलणे बरळल्यासारखे झाले, पाय लटपटले आणि तो पडला. रात्री एकच्या पुढे एका रिक्षावाल्याने त्याला उचलले. का उचलले? शर्टाच्या गळ्यातून त्याला तुळशीची माळ दिसली. “माळ घातलेला माणूस पिऊन पडायचा नाही,” एवढे म्हणून त्याने त्याला रिक्षात घातले आणि रुग्णालयात नेले. जीव वाचला. पण मेंदू फार वेळ साखरेवाचून राहिला होता. पूर्वीची स्मरणशक्ती काही परत आली नाही, आणि काम गेले.

मावशी हे सगळे भांडी घासता घासता सांगत होत्या. मग हात थांबवून म्हणाल्या, “काका, वरच्या साहेबांना समदे टाईट म्हणतात. आमच्या मालकांनी पंढरीची माळ घातल्यापासून थेंबाला शिवलं नाही, तर त्यांना बेवडा म्हणाले. एवढंच मला सांगा, हे कोण ठरवतं?”

मी उत्तर दिले नाही. जो माणूस दहा वाजता त्यांच्या नवऱ्याच्या अंगावरून पणत्या घेऊन पुढे गेला त्याने काय उत्तर द्यावे? हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रथम ‘टाईट’चे कूळ पाहू. हा शब्द मूळचा जहाजाचा. जुन्या नॉर्स भाषेतला, घट्ट विणीचा, पाणी न झिरपणारा अशा अर्थाचा शब्द इंग्रजीत आला आणि ‘टाईट’ झाला. ज्या गलबताच्या फटीतून थेंबभर पाणी आत येत नाही ते टाईट. आता पाहा चमत्कार! ज्याच्या आत घोटामागून घोट उतरला आहे, ज्याच्या तोंडातून घरची, दारची आणि कचेरीची गुपिते गळत आहेत, त्याला एकोणिसाव्या शतकात इंग्रजी बोलणाऱ्यांनी हेच विशेषण लावले. गळक्या हंड्याला ‘अखंड सौभाग्यवती’ म्हणण्याचाच हा प्रकार.

इंग्रज या बाबतीत मोठे कल्पक. 1740 साली त्यांच्या नौदलातल्या ॲडमिरल व्हर्नन नावाच्या अधिकाऱ्याने खलाशांच्या रममध्ये पाणी घालण्याचा हुकूम काढला. हा गृहस्थ ग्रोग्रॅम नावाच्या जाड्याभरड्या कापडाचा झगा घालीत असे, म्हणून खलाशी त्याला ‘म्हातारा ग्रॉग’ म्हणत. त्या पाणचट रमचे नाव पडले ग्रॉग, आणि ती पिऊन लटपटणारा झाला ‘ग्रॉगी’. आज मुष्टियुद्धात ठोसा खाऊन झुलणाऱ्यालाही तोच शब्द लावतात. पुढे बेंजामिन फ्रँकलिन. विजेचा शोध घेणारा, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा. त्याने 1737 साली आपल्या वृत्तपत्रात दारुड्यांचा एक कोशच छापला. झिंगलेल्या माणसाला लावायचे दोनशेहून अधिक वाक्प्रचार त्यात होते. एका अवस्थेला दोनशे नावे! ज्या वस्तूला एवढी टोपणनावे लागतात तिचे खरे नाव घेण्याची लोकांना लाज वाटत असली पाहिजे. आपल्याकडेही सापाला रात्री ‘लांबडं’ म्हणतात ते प्रेमाने नव्हे.

आणि खरे नाव काय आहे? तेही इंग्रजीतच आहे. ‘इंटॉक्सिकेशन’. या लांबलचक शब्दाच्या पोटात ग्रीकांचा ‘टॉक्सिकॉन’ बसला आहे. ‘टॉक्सॉन’ म्हणजे धनुष्य. टॉक्सिकॉन म्हणजे बाणाच्या टोकाला चोपडायचे विष. तेव्हा इंग्रजी कोशाच्या साक्षीने झिंगणे म्हणजे विषबाधा होणे. विद्वानांच्या भाषेत विष, खलाशाच्या भाषेत थट्टा. आपण साहेबाकडून नेमकी कोणती उचलावी? थट्टा उचलली. विष त्याच्या कोशातच ठेवले.

पण येथे कोणी अशी समजूत करून घेऊ नये की इंग्रज साऱ्या पिणाऱ्यांकडे सारख्या कौतुकाने पाहत असे. तेथेही पंक्तिप्रपंच होताच. ‘लॉर्डसारखा प्यायलेला’ अशी त्यांच्याकडे म्हण आहे, आणि ती काही शिवी नव्हे. मात्र लंडनचा मजूर जिन नावाची स्वस्त दारू पिऊ लागला तेव्हा 1736 आणि 1751 साली पार्लमेंटने कायदे केले. होगार्थ या चित्रकाराने 1751 मध्येच दोन चित्रे काढली. एकात बिअर पिऊन गुबगुबीत झालेले नागरिक, दुसऱ्यात जिन पिऊन पोराला हातातून खाली टाकणारी आई. पेल्यात काय आहे यापेक्षा तो पेला कोणाच्या हातात आहे, यावर चित्राचा रंग ठरला.

या साहेबाने आपल्याकडूनही पुष्कळ नेले हे विसरू नका. आपल्या ताडाच्या झाडाची ताडी त्याने नेली आणि त्याच्या घरी ती ‘टॉडी’ झाली. तिकडे गेल्यावर तिच्यात ताडाचा थेंबही उरला नाही. गरम पाणी, साखर आणि व्हिस्की मात्र आली. ‘पेग’ हा शब्दही हिंदुस्थानात राहणाऱ्या गोऱ्यांच्या बोलीतच रुळला, आणि प्रत्येक पेग हा शवपेटीत ठोकलेला एकेक खिळा आहे, असा त्याचा अर्थ तेच हसत हसत लावीत. ताडी गेली, पेग आला. आमच्या साष्टीच्या किनाऱ्यावर ज्या भंडाऱ्याने ताडामाडावर चढून सकाळची नीरा आणि दुपारची माडी उतरवली, त्याच्या धंद्यावर 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने जू बसवले. 1892 च्या कायद्याने तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरसुद्धा सरकारचा पहारा आला. हेतू काय? लोकांनी पिऊ नये? छे! लोकांनी प्यावी, पण कर भरलेली प्यावी. पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असताना 1880 मध्ये जोतीराव फुले यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध पत्र लिहून आक्षेप घेतला, तो या धोरणाच्या ऐन भरातला. ‘अबकारी’ हा शब्द तरी कसा सोज्वळ! फारसी ‘आब’ म्हणजे पाणी. अबकारी म्हणजे पाण्याचा व्यवहार.

आता आपले शब्द पाहू. मराठी माणूस दारूबद्दल बोलताना मुळात फार सरळ होता. ‘झिंगणे’ म्हटले की डोळ्यांपुढे चित्र उभे राहते. ‘मद’ या संस्कृत शब्दातून मद्य निघाले, उन्मादही त्यातूनच आला; कार्य आणि कारण एकाच घरचे. सर्वांत मार्मिक शब्द म्हणजे ‘अंमल’. अंमल म्हणजे राज्य, आणि अंमल म्हणजे नशाही. “त्याच्यावर दारूचा अंमल आहे” असे म्हणताना आपण हेच सांगतो की त्या देहातले सरकार बदलले आहे. म्हणून ‘दारूबंदीची अंमलबजावणी’ असे सरकारी कागदावर वाचले की मला हसू आवरत नाही.

आणि बेवडा? हा शब्द मुळात माणसाचा नव्हेच. ‘बे एके बे’ मधला तो ‘बे’. एकदा गाळलेली दारू पुन्हा एकदा गाळून कडक केली म्हणजे ती बेवडा. मालाचे नाव होते ते माणसाला चिकटले. पण नीट पाहा, ते कोणाच्या अंगाला चिकटले? परदेशात दोनदा गाळलेली व्हिस्की पिणाऱ्याला कोणी ‘बेवडा’ म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. स्कॉटलंडची माल्ट व्हिस्की सामान्यतः दोनदाच गाळतात. म्हणजे व्याकरणाने पाहू गेल्यास आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थच अस्सल बेवडे ठरतात! आणि मरोळ नाक्यावर पाव-उसळ सोडून काहीही न खाल्लेला माळकरी, ज्याने एकदाही गाळलेली घेतली नाही, तो बेवडा ठरला. शब्द मोजमापाचा होता; आपण तो जातीचा केला.

रामभाऊ गडकऱ्यांनी हे पाप ओळखले होते. त्यांचे ‘एकच प्याला’ 1919 साली, त्यांच्या मृत्यूनंतर रंगभूमीवर आले. त्यातला दारूने बुडालेला सुधाकर हा हातभट्टीवरचा मजूर नव्हे. तो बुद्धिमान वकील आहे. आणि तळीरामाच्या ‘आर्यमदिरामंडळा’त जमतात ती सगळी शिकलेली, सुसंस्कृत, कारणे देण्यात पटाईत अशी मंडळी. गडकऱ्यांनी आरसा पांढरपेशांपुढे धरला. आपण काय केले? नाटकाला टाळ्या दिल्या, ‘तळीराम’ हे विनोदी विशेषनाम म्हणून खिशात टाकले, आणि आरसा उचलून झोपडपट्टीच्या दिशेने फिरवला.

कायद्यानेही तेच केले. मुंबई मद्यनिषेध अधिनियम 1949 चा. 1950 पासून मुंबई राज्यात सर्वत्र दारूबंदी आली. हेतूबद्दल मला शंका नाही. पण त्या कायद्यात एक चोरदरवाजा होता आणि त्याला कुलूप नव्हते, दरवान होता. प्रकृतीसाठी दारू आवश्यक आहे असे डॉक्टरचे प्रमाणपत्र आणा आणि परवाना घ्या. झाले! फारसी दारू पुन्हा औषध झाली, मात्र ज्याला डॉक्टर परवडतो त्याच्यापुरती. या कायद्याविरुद्ध बाल्सारा नावाचे गृहस्थ न्यायालयात गेले, तेव्हा व्हिस्की-ब्रँडीबरोबर ओ-द-कोलोन आणि लव्हेंडर वॉटर बाळगण्याचाही हक्क त्यांनी मागितला होता. 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा मुख्य भाग उचलून धरला. औषधी आणि प्रसाधनाच्या द्रव्यांवरची बंदी मात्र रद्द केली. अत्तराचा प्रश्न दिल्लीपर्यंत गेला. काळा गूळ आणि नवसागर घालून रात्रीत उकळलेल्या हातभट्टीचा प्रश्न पोलीस चौकीच्या पुढे कधी गेला नाही. तिचे गिऱ्हाईक ‘नवटाक’ मागे. नवटाक म्हणजे पावशेराचे अर्धे. ज्या मापाने घरात तूप यायचे त्याच मापाने बाहेर घर जाऊ लागले. त्या काळात पोटासाठी चोरून दारू विकणाऱ्या काही ख्रिस्ती बायांपायी ‘आंटी’ या साध्या मायाळू हाकेलाही मुंबईने डाग लावला. साऱ्या समाजाची बदनामी केली. तेथे जाऊन पिणारे ‘अंकल’ मात्र कोशाबाहेर राहिले.

बंदी पुढे सैल झाली. कायदा मात्र आजही मद्यनिषेधाचाच आहे, आणि त्याच कायद्याखाली दारूची दुकाने चालतात. ते खाते ‘राज्य उत्पादन शुल्क’ असे म्हणवते. नावात दारूचा थेंब नाही. सरकारी दप्तरात ‘देशी मद्य’ आहे आणि ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’ आहे. भारतात बनवलेले विदेशी! वरणभाताला ‘मराठी बनावटीचे फ्रेंच जेवण’ म्हणण्याइतकेच हे शहाणपण आहे. 2025 साली त्यात ‘महाराष्ट्र मेड लिकर’ या नव्या वर्गाची भर पडली. दारूला नावे ठेवण्याचे काम सरकारने इतक्या मनावर घेतले आहे की फ्रँकलिनच्या कोशाची सुधारित आवृत्ती मुंबईतूनच निघावी.

कोणी म्हणेल, “अहो, शब्दांनी काय होते? टाईट म्हणा की बेवडा म्हणा, दारू ती दारूच.” माझेही तेच म्हणणे आहे. पण मग तुम्ही शब्द बदलून पाहा ना. आज संध्याकाळच्या मेजवानीत यजमानांना सांगा की तुमचे थोरले चिरंजीव बेवडे झाले आहेत, आणि पुन्हा त्या घरी आमंत्रण येते का ते पाहा. शब्दांनी काही होत नसते तर त्यांना राग का यावा? शब्दांनी पुष्कळ होते. ‘टाईट’ म्हटले की दार धरले जाते, लिंबूपाणी येते, चष्मा उचलला जातो. ‘बेवडा’ म्हटले की माणसे अंगावरून ओलांडून जातात. त्या रात्री मरोळात मी दोन्ही पाहिले.

दुसरे कोणी म्हणेल, “तो माळकरी होता, निर्व्यसनी होता, म्हणून तुम्हाला एवढा कळवळा.” हा आक्षेप खरा आहे, आणि तो मला बोचतो. समजा, तो प्यायलेलाच असता तर? तर काय त्याला मरू द्यायचे होते? दारूने बेशुद्ध झालेला माणूस उताणा पडला असेल तर त्याला ओकारी होऊन ती श्वासनलिकेत अडकते आणि तो गुदमरून मरतो. त्याला कुशीवर वळवून ठेवायला आणि रुग्णवाहिकेसाठी 108 क्रमांक फिरवायला माळ पाहावी लागत नाही. साखर उतरलेला, अपस्माराचा झटका आलेला, डोक्याला मार लागलेला आणि खरोखरीच प्यायलेला, हे चौघेही रस्त्यावर पडलेले सारखेच दिसतात. त्यांतला कोण कोणता हे ठरवायला वैद्य लागतो. पानवाल्याने ठरवले आणि मी मान्य केले, कारण आम्हा दोघांच्या हाताशी एक तयार शब्द होता. रिक्षावाल्याने माळ पाहिली हे त्या माणसाचे दैव. माळ नसलेल्याचे दैव काय?

तिसरा आक्षेप पांढरपेशांचा आवडता : “आम्ही मर्यादेत घेतो. आमची सोशल आहे.” सोशल! म्हणजे बाकीच्यांची काय एकांतातली आहे? हातभट्टीवरही दहाजणांचे कोंडाळे असतेच. मोटार वाहन कायद्यात मर्यादेचा एक आकडा आहे. चालकाच्या 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क सापडला की गुन्हा. पोलिसाच्या हातातले ते फुंकायचे यंत्र मला या सगळ्या भानगडीत एकटेच निःपक्षपाती वाटते. ते स्कॉचला आकडा सांगते, देशीलाही आकडाच सांगते. त्याला टाईट ठाऊक नाही आणि बेवडाही ठाऊक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने 1988 सालीच मद्याला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात बसवले, तेव्हा बाटलीवरचे लेबल वाचले नव्हते. यकृत इंग्रजी शिकलेले नसते.

उलट आपल्या वृत्तपत्रांची भाषा पाहा. 2004 मध्ये विक्रोळीला 80 हून अधिक माणसे मेली. 2015 च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक मेली. दोन्ही ठिकाणे आपल्याच उपनगरांतली, मेलेले बहुतेक हातावर पोट असलेले. कारखान्यात वापरायचे मिथेनॉल स्वस्त पडते म्हणून पिण्यात मिसळले गेले. शरीरात गेल्यावर त्याचे फॉर्मिक आम्ल होते, आधी डोळे जातात, मग प्राण. मथळे आले, ‘विषारी दारूचे बळी’. बरोबर आहे. पण या ‘विषारी’ विशेषणाने एक सोय करून ठेवली. जी विषारी म्हणून मथळ्यात येत नाही ती निर्विष, असा निर्वाळा आपण आपल्या कपाटाला परस्पर देऊन टाकला. टॉक्सिकॉनचा अर्थ सांगणारे कोणी त्या दिवशी संपादकीय विभागात नसावे.

तर मग काय, साऱ्यांनाच बेवडा म्हणायचे? नव्हे. शिवीचे समान वाटप हा काही न्याय नव्हे. साऱ्यांनाच टाईट म्हणून हसत सुटायचे? तेही नव्हे. शब्द कसा घडवावा हे शिकायचे असेल तर आपल्या खेड्यांतल्या बायांकडे जा. राज्य सरकारच्या नियमाप्रमाणे गावातल्या किंवा वॉर्डातल्या दारूच्या दुकानाबद्दल मतदान घेता येते. मतपत्रिकेवर दोन चित्रे, एक उभी बाटली आणि एक आडवी. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. ‘आडवी बाटली’! दोन शब्द, कोणाचीही जात नाही, कोणाचाही वर्ग नाही. त्यात नवऱ्याला शिवी नाही. शेजाऱ्याची थट्टा नाही. आडवी करायची ती बाटली, माणूस नव्हे. आपण शहरातले लोक नेमके उलटे करतो. बाटली काचेच्या कपाटात उभी ठेवतो आणि माणूस रस्त्यावर आडवा सोडून पुढे जातो.

दारूबंदीने सारे प्रश्न सुटतात असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. वर्धा आणि गडचिरोली येथे बंदी आहे. चंद्रपूरला 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. त्या वादाला दोन्ही बाजू आहेत. मी मागतो आहे ते कायद्याहून फार स्वस्त आहे आणि म्हणूनच बहुधा फार कठीण आहे. एकाच अवस्थेला एकच शब्द वापरा. प्यायलेल्याला ‘प्यायलेला’ म्हणा, मग तो उद्वाहकातून वर जावो की गटाराच्या काठावर बसो. आणि पडलेल्याला ‘पडलेला’ म्हणा. तो का पडला हे त्याला उचलल्यावर विचारा.

दिवाळी हा दिव्यांचा सण. पण दिव्यांचा आणखी एक दिवस आपल्याकडे होता. आषाढातली ‘दिव्यांची अवस’. आजी त्या दिवशी घरातले सारे दिवे घासूनपुसून पाटावर मांडी, त्यांना हळदकुंकू वाही, कणकेचे गोड दिवे उकडी. त्या दिवसाला आज शहरात काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. गटारी! दिव्याचे गटार आपण एका शब्दात केले. नातवंडांना आता मूळ नाव सांगावे लागते. शब्दांनी काय होते म्हणणाऱ्यांनी एवढे एक उदाहरण उशाशी घेऊन झोपावे.

मावशी अजून आमच्याकडे येतात. त्यांचे यजमान संध्याकाळी गावठाणातल्या देवळाच्या पायरीवर बसलेले असतात. मला ओळखतात, कधी ओळखत नाहीत. गळ्यातली माळ आता शर्टाच्या बाहेर असते. मावशींनीच ती तशी काढून ठेवली आहे. मी एकदा विचारले, तर म्हणाल्या, “असू द्या काका. पुन्हा कुठं पडले तर लोकांना दिसायला हवी.”

यंदा आकाशकंदील लावताना मला ती माळ आठवते. निर्व्यसनी असल्याचा दाखला गळ्यात बांधल्याशिवाय ज्या शहरात गरिबाला रस्त्यावर पडण्याची सोय नाही, त्या शहराच्या डोक्यात कशाचा अंमल चढला आहे?